आत्याच्या तळहाताखालचा गोळा

मित्रांनो, मी एक जुना गोळा आहे. घाबरू नका, तोफेचा नाही. बर्फाचाही नाही, तसा असतो तर ही हकिगत सांगायला उरलोच नसतो. मी काळाभोर आहे, गुळगुळीत आहे आणि मुठीत धरलात तर तुमची बोटं जेमतेम मिटतील एवढा आहे. कागदोपत्री माझं नाव ट्रॅकबॉल. पण ते नाव फक्त दुरुस्तीवाले घेत. बाकी सगळे मला गोळाच म्हणत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी सगळीकडून गोल असल्यामुळे माझ्या बोलण्यालाही टोक नाही. शिवाय तिखटमीठ लावून सांगायची मला खोड आहे. तुम्हाला पचेल तेवढं घ्या, बाकीचं ताटात ठेवा. मात्र आत्याची आणि भिंतरावांची जी गोष्ट पुढे येणार आहे, तिला मी वरून काही लावलेलं नाही. ती मुळातच चवदार आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आम्ही पुष्कळ भावंडं एकाच साच्यातून निघालो. मग आम्हाला घासलं, परत घासलं, इतकं घासलं की शेवटी आम्ही लाजेनंच चकाकू लागलो. त्यानंतर आमची परीक्षा झाली. एका काचेच्या उतारावरून आम्हाला एकेकाला सोडत. जो सरळ जाईल तो पास, जो जरा बाजूला कलेल तो परत भट्टीत. मी इतका सरळ गेलो की उतार संपला, टेबल संपलं, खोली संपली, तरी मी चाललोच होतो. जेवणाच्या सुट्टीत पहारेकऱ्यानं मला फाटकापाशी गाठलं आणि उचलून परत आणलं. हे तुम्ही तिखटमिठात धरा.

तिथून मी एका लांबरुंद दालनात आलो. एका टेबलाला वाटीसारखा खळगा होता, त्यात मला बसवलं आणि वरून एक कडं फिरवून घट्ट केलं. माझं टाळकं तेवढं बाहेर, बाकी सगळा मी आत. त्या दालनात विमानांच्या वाहतुकीवर लक्ष ठेवणारी माणसं बसत. गंमत बघा, ज्यांचं सगळं काम आकाशात, त्यांच्या दालनाला एकही खिडकी नव्हती. बाहेर ऊन आहे की ढग आलेत, हे त्यांना घरी जातानाच कळे. उजेड मंद, खाली जाड गालिचा आणि प्रत्येक टेबलापुढे एक मोठा पडदा. पडद्यावर ठिपके. एक ठिपका म्हणजे एक विमान. ठिपक्याला चिकटून एक छोटी चिठ्ठी असे. विमानाचा क्रमांक, उंची, वेग, सगळं तिच्यावर. ठिपके जवळजवळ आले की चिठ्ठ्या एकमेकींवर चढत आणि धड एकही वाचता येत नसे. मग मला फिरवायचं. मी फिरलो की पडद्यावरचा बाण फिरे. बाणानं चिठ्ठी धरायची आणि बाजूला ओढायची. भांडणाऱ्या पोरांना दंडाला धरून लांब करतात ना, तसं मी दिवसभर चिठ्ठ्यांना लांब करत असे.

आणि मी फिरायचो तरी किती! सरळ रस्त्यानं निघालो असतो तर चंद्रावर जाऊन, तिथे जरा पाय मोकळे करून परत आलो असतो. मला पाय नाहीत ही गोष्ट वेगळी. एकदा तर मी अशा जोरात फिरलो की बाण पडद्याच्या उजव्या कडेनं बाहेर पडला, शेजारच्या टेबलाला वळसा घालून डाव्या कडेनं आत आला, आणि येताना शेजारच्यांचं एक विमान घेऊन आला. तिखटमीठ, तिखटमीठ.

माझ्या टेबलावर बसायची ती आत्या. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण ते दालनात कुणालाच आठवत नसे. फार पूर्वी तिची भाची, तेव्हा एवढीशी पोर, दालन बघायला आली होती. सगळे कुजबुजत बोलत असताना ती दारातूनच ओरडली, "आत्या, हे ठिपके चावतात का गं?" त्या दिवसापासून ती अख्ख्या दालनाची आत्या झाली. तिच्याहून वयानं मोठी माणसंही तिला आत्या म्हणत. मोठे साहेबसुद्धा. एका दूरदेशीच्या वैमानिकानं हद्द ओलांडता ओलांडता "येतो हं, आत्या" म्हटलेलं मी स्वतः ऐकलं आहे. मला कान नाहीत ही गोष्टही वेगळी.

आत्या विमानांशी बोलायची. जरा खाली या, थोडं डावीकडे वळा, आता वेग कमी करा. तिचा आवाज कधी चढला नाही. विमानं निमूटपणे तिचं ऐकत. "विमानभर माणसं माझ्या एका शब्दावर वळतात," ती म्हणायची, "आणि आमच्या घरात एक माणूस पलंगावरचा ओला टॉवेल उचलत नाही."

तिच्या डाव्या हाताला बसायचे भिंतराव. आत्या बोले विमानांशी, भिंतराव बोलत शेजारच्या दालनांशी, तेही फोनवरून. आकाशालाही हद्दी असतात बरं का. शेजाऱ्यांच्या हद्दीतून एखादं विमान आपल्याकडे यायचं असेल, तर ते किती उंचीवरून येणार हे आधी ठरवून घ्यावं लागतं. ते काम भिंतरावांचं. उंच, सडपातळ माणूस, बाह्यांची घडी नेहमी सारखी, खिशात पांढरा रुमाल. भिंतराव हे काही त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते आत्यानं दिलं. झालं असं, की एकदा जेवणाच्या खोलीत आत्यानं त्यांना काहीतरी विचारलं. ते म्हणाले, "हं." तिनं पुन्हा विचारलं. ते पुन्हा म्हणाले, "हं." तेव्हा आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "तुमच्यापेक्षा भिंत बरी हो! निदान आवाज परत तरी देते."

सगळे खो खो हसले. ते हसले नाहीत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि उठून गेले. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

त्या दिवसापासून दोघांचा अबोला. कामापुरतं बोलणं होई आणि चोख होई. क्रमांक, उंची, वेळ. त्यापलीकडे एक शब्द नाही. चहा सांगू का, नाही. पंखा कमी करू का, नाही. आधी तेही तिला आत्या म्हणत, आता काहीच म्हणेनात. आत्याला वाटलं, आज ना उद्या बोलतील. मग तीही हट्टाला पेटली. अशी वर्षं गेली. दोन खुर्च्यांमध्ये हातभर अंतर आणि त्या अंतरात मी.

आता माझ्या खऱ्या कामाबद्दल सांगतो. चिठ्ठ्या ओढणं हे माझं पोटापाण्याचं काम. पण आत्याला एखाद्या विमानाची काळजी वाटू लागली की तिचा तळहात मला हलकेच गोल गोल फिरवू लागे. ती काही दाबत नसे, काही ओढत नसे, तोंडानं दुसऱ्याच विमानाशी बोलत असे. पण पडद्यावरचा बाण त्या काळजीच्या विमानाभोवती घिरट्या घालत राही. मूल तापानं फणफणलेलं असलं की घरातलं माणूस कामं करता करता त्याच्या अंथरुणाभोवतीच वावरतं, तसं. भिंतराव तिरक्या नजरेनं त्या घिरट्या बघत आणि फोन उचलून शेजाऱ्यांना सांगत, "तुमचं ते विमान जरा वरच ठेवा. आमच्याकडे खाली जागा लागेल." इकडे आत्या आपल्या विमानाला खाली यायला सांगे, तर खाली वाट मोकळीच असे.

दालनात आमच्या टेबलाचं मोठं नाव होतं. नवे शिकाऊ आले की साहेब त्यांना आमच्या मागे आणून उभे करत आणि म्हणत, "बघा, न बोलता कसं काम चालतं ते." ते का चालतं, हे साहेबांनाही ठाऊक नव्हतं.

आणखी एक गंमत. तळहाताचा घाम, धूळ, बाहीचे धागे हे सगळं माझ्या अंगावरून आत उतरतं आणि ज्या चिमुकल्या चाकांवर मी फिरतो त्यांच्यावर किटण धरतं. मग मी अडखळतो, बाण उड्या मारतो. बाकीच्या टेबलांवरचे माझे भाऊ सारखे अडखळत. मी कधीच नाही. "माझा गोळा बघा, कसा लोण्यासारखा फिरतो," आत्या कौतुकानं सांगे. "आपले सफाईवाले फार जीव लावून काम करतात."

सफाईवाले! यंत्रांना बोटही लावायचं नाही असा त्यांना हुकूम होता. मला पुसत ते भिंतराव. आत्या यायच्या आधी ते यायचे, कडं उलटं फिरवून मला बाहेर काढायचे, रुमालानं पुसायचे, चाकांवरचं किटण नखानं खरवडायचे, फुंकर मारायचे आणि मला परत बसवून आपल्या खुर्चीत जाऊन भिंत व्हायचे. आत्याला हे सांगावं असं मला फार वाटे. पण माझं तोंड म्हणजे एक टाळकं, त्यावर तिचा तळहात.

असे चांगले दिवस चालले होते. मग भाची आली.

ती आता मोठी झाली होती. आत्या तिला ठिणगी म्हणायची, कारण बसल्या जागी ती कधी विझत नसे. पडद्यावर काय कुठे दिसावं, कोणत्या रंगात दिसावं, बोट टेकलं म्हणजे काय व्हावं, हे ठरवण्याचा तिचा व्यवसाय होता. दालनातली जुनी टेबलं काढून नवी बसवायची ठरली आणि ते काम ठिणगीच्या कंपनीकडे आलं. ठिणगी आत्याच्या मागे खुर्ची टाकून दिवसच्या दिवस बघत बसे. आत्याच्या मनगटाला पट्टा बांधलेला तिनं पहिल्याच दिवशी पाहिला.

"दुखतंय का गं फार?"

"दुखत नाही. आपण आहोत याची आठवण करून देतं," आत्या म्हणाली.

ठिणगी हसली नाही. तिनं मला एक तार जोडली आणि मी दिवसभरात कुठे कुठे फिरतो त्याचं चित्र काढलं. मित्रांनो, स्वतःचं चित्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. लोकरीच्या गुंड्याशी मांजर खेळून गेल्यावर जे उरतं, तसं ते दिसत होतं. जिथे मी चिठ्ठी ओढली, काही दाबलं, त्या रेघा तिनं हिरव्या केल्या होत्या. बाकीच्या करड्या. हिरवं अगदी थोडं, करडं सगळीकडे, आणि करड्यात जागोजागी गाठी.

"आत्या, हे करडं बघ. हे सगळं फुकटचं फिरणं आहे. म्हणून तुझं मनगट दुखतं."

"इतकी फुकट फिरते, तरी वजन म्हणून काही उतरत नाही," आत्या म्हणाली.

ठिणगीचा हेतू वाईट नव्हता. ती आत्याच्या मनगटासाठी झटत होती. तिनं नवा पडदा केला तो खरंच देखणा होता. गोळा नाही, बाण नाही. विमानावर बोट टेकलं की चिठ्ठी आपली आपण मोकळ्या जागी सरके. चिठ्ठ्यांची भांडणंच संपली. ज्या विमानाकडे आता लक्ष द्यायचं नाही ते फिकट होई. आत्यानं बोट टेकवून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे तर विचारायच्या आत उत्तर देतंय." मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला बोलू, मलाही तो आवडला.

साहेबांनी नियम काढला. जुनी टेबलं भंगारात जाणार, नव्या पडद्यावर खोट्या विमानांची चाचणी होणार. प्रत्येक जोडीला दोनदा संधी. जी जोडी पास होईल ती दालनात राहील, जी होणार नाही तिला वेळापत्रकाच्या विभागात जावं लागेल. वेळापत्रकाच्या विभागाला मोठमोठ्या खिडक्या होत्या.

"मला नको तुमची खिडकी," आत्या म्हणाली. "मला माझे ठिपके हवेत."

चाचणीच्या दिवशी ठिणगीनं मला खळग्यातून काढलं. टेबलावर नुसता ठेवला तर गडगडत जाईल, म्हणून तिनं मला चहाच्या एका रिकाम्या कपात ठेवलं आणि तो कप आत्याच्या उजव्या हाताशी नेऊन ठेवला. "तुझ्या सोबतीला," ती म्हणाली. इतकी वर्षं मी छताकडे बघत काम केलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा कपाच्या काठावरून आत्याचं तोंड नीट पाहिलं. तिचा वरचा ओठ घामानं ओलसर झाला होता.

पहिली चाचणी सुरू झाली. खोटी विमानं, शेजारच्या खोलीतून बोलणारे खोटे वैमानिक. आत्याचं बोट सराईतासारखं फिरत होतं. मग दोन ठिपके एकमेकांच्या वाटेत येऊ लागले. आत्यानं ते सगळ्यांच्या आधी पाहिलं. एकाला खाली आणायचं तिनं मनात पक्कं केलं. पण तिचा हात मांडीवर होता. पडद्यावर बाण नव्हता, घिरट्या नव्हत्या. भिंतराव तिरक्या नजरेनं बघत होते आणि त्यांना एक सुंदर, स्वच्छ, शांत पडदा दिसत होता. त्यांनी फोन उचलला नाही. आत्यानं विमानाला खाली यायला सांगितलं आणि नेमकं त्याच उंचीवर शेजाऱ्यांच्या हद्दीतून तिसरं विमान आत आलं. पडदा लाल झाला.

खोटीच विमानं ती. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण आत्या कितीतरी वेळ त्या लाल चौकोनाकडे बघत बसली होती. भिंतराव उठून पाणी प्यायला गेले ते लवकर आलेच नाहीत.

"माझ्या स्क्रीनचंच काहीतरी चुकलंय," ठिणगी म्हणाली. तिच्याच हातानं केलेला पडदा तिच्या आत्याची खुर्ची काढून घेणार होता.

"तुझी स्क्रीन छान आहे गं. मीच जुनी झाले." आत्यानं पट्टा सोडला, परत बांधला. "पूर्वी कसं व्हायचं, मी मागायच्या आत शेजारचे वाट मोकळी करून द्यायचे. नशीब होतं माझं. आता तेही म्हातारं झालं."

नशीब! मी कपात बसल्या जागी तापलो. कपात चहा नसूनही.

दुसरी चाचणी दुसऱ्या दिवशी सकाळी. साहेब मागे हाताची घडी घालून उभे. ठिणगी भिंतीला टेकून, ओठ चावत. या वेळी विमानं जास्त होती. आत्या बोलत होती, बोट टेकवत होती, सगळं सुरळीत चाललं होतं. मग पुन्हा तसंच. वरच्या बाजूला डावीकडे एक विमान होतं, त्याला खाली यायचं होतं. आत्याच्या कपाळाला आठी पडली. तोंडानं ती दुसऱ्या विमानाला वळायला सांगत होती. आणि तिचा उजवा हात, मित्रांनो, तिला न विचारता टेबलावरून सरकत सरकत आला आणि कपात शिरला.

तळहात माझ्या टाळक्यावर टेकला आणि मला फिरवू लागला. गोल, गोल, गोल. कप चिनी मातीचा, मी कठीण. त्या शांत खोलीत काय आवाज झाला म्हणता! खडखड, खडखड, खडखड. साहेब दचकले. ठिणगी भिंतीपासून सुटली. आत्याला पत्ताही नव्हता.

भिंतरावांनी मान वळवली. त्यांनी कपाकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. त्यांचा हात फोनवर गेला आणि तिथेच थांबला. काळजी आहे हे कळलं, पण कोणाची? पडद्यावर ठिपकेच ठिपके, आणि एकाभोवतीही बाण नाही. कितीतरी वर्षं बंद असलेलं दार उघडताना जसं करकरतं, तसा त्यांचा आवाज आला.

"कोणतं, आत्या?"

आत्या पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "ते वर डावीकडचं. खाली आणायचंय. पण शेजाऱ्यांचं एक येतंय ना आत..."

"वरच ठेवायला सांगू त्याला?"

"सांगा."

फोन झाला. शेजाऱ्यांचं विमान वरच राहिलं. आत्यानं आपल्या विमानाला खाली यायला सांगितलं, तर खाली वाट मोकळी. ठिपके एकमेकांजवळून सभ्य माणसांसारखे निघून गेले. पडदा कुठेही लाल झाला नाही. साहेबांनी हाताची घडी सोडली आणि म्हणाले, "झाली. पास."

तेव्हा कुठे आत्या भिंतरावांकडे वळली. "काय म्हणालात तुम्ही?"

"वर ठेवलंय म्हणालो."

"त्याच्या आधी."

"हं," भिंतराव म्हणाले.

पण ठिणगी आता सोडते थोडीच. ती दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली. "काका, तुम्ही कपाचा आवाज ऐकून कोणतं म्हणून विचारलंत. तुम्हाला कसं कळलं की तिला काहीतरी हवंय?"

"गोळा फिरला ना."

"म्हणजे?"

"तुझी आत्या ज्या विमानाभोवती गोळा फिरवते, त्याच्यासाठी मी पुढचं विचारून ठेवतो. रोजचंच आहे."

"मी?" आत्या म्हणाली. "मी गोळा फिरवते? कधी?"

भिंतराव तिच्याकडे बघतच राहिले. "तुम्ही मुद्दाम नाही फिरवत?"

"मला माहीतसुद्धा नाही!"

"मग इतकी वर्षं मी कुणाचं ऐकत होतो?"

माझं! मी कपातून ओरडलो. माझं, माझं! पण ते कुणी ऐकलं नाही.

भिंतरावांनी खिशातून रुमाल काढला, उगीच घडी मोडली, परत घातली. "मला वाटायचं, तोंडानं बोलत नाही तर नाही, पण हातानं सांगता. म्हटलं चला, एवढं तरी आहे. काल नव्या स्क्रीनवर तेही दिसेना. वाटलं, हेही तोडलंत."

आत्यानं आपला उजवा तळहात उलटासुलटा करून पाहिला.

ठिणगी पळत गेली आणि ते करड्या रेघांचं चित्र घेऊन आली. भिंतरावांनी दिवसभरात केलेल्या फोनच्या वेळाही तिनं मिळवल्या आणि त्या चित्रावर बसवल्या. प्रत्येक गाठीच्या मागोमाग एक फोन होता. ती खुर्चीत मटकन बसली. "मी हे सगळं पुसून टाकलं होतं," ती म्हणाली. "फुकटचं म्हणून." मग तिनं करड्या गाठींना एकेक करून पिवळा रंग दिला. माझं चित्र दिवाबत्तीच्या वेळी दुरून दिसणाऱ्या गावासारखं दिसू लागलं.

नव्या पडद्यात तिनं एकच बदल केला. आत्याचं बोट एखाद्या ठिपक्याभोवती सावकाश घुटमळू लागलं की भिंतरावांच्या पडद्यावर त्याच ठिपक्याभोवती एक फिकट कडं उमटतं आणि थोड्या वेळानं आपलं आपण विरघळून जातं. त्यासाठी कुठलं बटण नाही. साहेबांनी विचारलं, बटण का नाही? ठिणगी म्हणाली, "काळजी करायला बटण दाबावं लागलं तर माणूस काळजी करायचं सोडून देतो." साहेबांनी मान डोलावली आणि जाता जाता म्हणाले, "पण आत्या, चाचणीला कप आणायची परवानगी नव्हती हं."

"कप कुठला, साहेब? तो आमच्यातला तिसरा माणूस आहे."

हे ऐकून मी इतका फुगलो की कपात मावेना. तिखटमीठ.

जुनी टेबलं गेली. माझे भाऊ एका खोक्यात भरून भंगारात गेले. जाताना त्यांचा जो आवाज झाला तो मी तुम्हाला सांगणार नाही. मी तेवढा राहिलो, आत्याच्या नव्या टेबलावर, त्याच कपात. आता माझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही. आत्याचं मनगट बरं आहे, पट्टा सुटला. चहा आला की मला उचलून बाजूला ठेवतात, कधी कधी परत ठेवायचं विसरतात. एकदा मी दोन दिवस खुर्चीखाली होतो. पण तक्रार नाही. माझ्या जागेवरून मला आता दोघांची तोंडं दिसतात.

एके दिवशी आत्या नेहमीपेक्षा लवकर आली. दालनाचं दार आवाज न करता उघडतं. भिंतराव पाठमोरे बसले होते. त्यांनी मला कपातून काढलं होतं आणि रुमालानं पुसत होते. आता चाकं नव्हती, किटण नव्हतं, पुसायला कारणही नव्हतं. तरी पुसत होते.

आत्या दोन पावलं पुढे आली.

"सफाईवाले नव्हते तर," ती म्हणाली.

भिंतरावांचा हात थांबला. "सवय आहे."

"रोज?"

"हं."

आत्या आपल्या खुर्चीत बसली. "मी तुम्हाला भिंत म्हटलं होतं."

"म्हटलं होतंत."

"ते जरा चुकलंच माझं."

"जरा?" भिंतराव म्हणाले.

आणि आत्या हसली. अशी हसली की पलीकडच्या टेबलावरचा माणूस कानावरचा हेडफोन काढून वळून बघू लागला. भिंतराव हसले की नाही ते मी सांगू शकत नाही, कारण तेवढ्यात त्यांनी मला कपात टाकलं आणि मी भलत्याच दिशेला तोंड करून पडलो. पण कपाला धरलेला त्यांचा हात हलत होता एवढं नक्की. हल्ली ते दोघं इतकं बोलतात की परवा साहेबांना येऊन सांगावं लागलं, जरा विमानांनाही बोलू द्या.

तर मित्रांनो, असा मी एक जुना गोळा. माझं एकच मागणं आहे. तुमच्याही घरात असा एखादा हात असेल, जो उगीच फिरतो असं तुम्हाला वाटतं. कुणी निजण्याआधी दाराची कडी पुन्हा एकदा चाचपतं. कुणी तुमच्या दप्तराभोवती घुटमळतं, काही घेत नाही, काही ठेवत नाही. हे फुकटचं फिरणं आहे असं म्हणून पुसून टाकू नका. त्यात गाठी असतात. आणि जे तुमच्यासाठी फिरतं, त्याच्यावरचं किटण अधूनमधून काढत जा, चाकं असोत वा नसोत.

हात कशाभोवती फिरतोय ते कळलं नाही, तर मान वळवा आणि विचारा, "कोणतं?" भिंतरावांना तो एक शब्द काढायला कितीतरी वर्षं लागली. तुम्ही आजच विचारा. यात मात्र तिखटमीठ अजिबात नाही.